डेटाचे जतन (लेखांक ७) : फाइल सिस्टिम माउंट होत नाही तेव्हा

डिस्कवरील फाइल सिस्टिम वापरात येण्यासाठी ती संगणकाच्या फोल्डररचनेतील एखाद्या ठिकाणी जोडावी लागते आणि या जोडणीलाच ‘माउंट करणे’ म्हणतात. डिसेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत स्थिर म्हणून स्वीकारल्या गेलेल्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमच्या बाबतीत कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, पार्टिशनच्या आरंभीचे १०२४ बाइट सोडून पुढचे १०२४ बाइट प्रथम वाचतो. या भागाला सुपरब्लॉक म्हणतात. ब्लॉकचा आकार, ब्लॉकची एकूण संख्या, वापरलेल्या सुविधांची यादी आणि ‘ईएफ५३’ ही ओळखखूण त्यात नोंदलेली असते. खूण सापडली नाही किंवा नोंदलेले आकडे प्रत्यक्ष पार्टिशनशी जुळले नाहीत, तर कर्नल माउंट करण्यास नकार देतो. चुकीच्या नोंदींवर विसंबून लेखन सुरू झाल्यास शाबूत मजकुरावरच नवा मजकूर लिहिला जाण्याचा धोका असल्यामुळे हा नकार वापरकर्त्याच्या हिताचाच असतो, आणि म्हणूनच नकार मिळाला याचा अर्थ फाइली गेल्या असा घेणे चुकीचे आहे. अशा वेळी सर्वाधिक हानी मूळ बिघाडाने नव्हे, तर घाईने केलेल्या लेखनाने होते. लिनक्सची डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडल्यावर ती फॉरमॅट करण्याविषयी विचारणा होते, तेव्हा होकार देणारा वापरकर्ता बहुधा पूर्णपणे सुस्थितीतली फाइल सिस्टिम स्वतःच्या हाताने मोडत असतो.

माउंट ही आज्ञा अपयशी ठरल्यावर पडद्यावर येणारा संदेश फारसा उपयोगी नसतो, कारण चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय, खराब सुपरब्लॉक अशा अनेक शक्यता तो एकाच दमात सांगतो. खरे कारण कर्नलच्या नोंदवहीत असते आणि ती ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचता येते. तेथे वाचन-त्रुटींच्या ओळी दिसत असतील तर दोष डिस्कच्या पृष्ठभागात, केबलमध्ये किंवा वीजपुरवठ्यात शोधावा लागतो; त्या नसतील तर पार्टिशनची नोंद आणि फाइल सिस्टिमची ओळखखूण क्रमाने तपासावी. कित्येकदा काहीच बिघडलेले नसते. पार्टिशन नव्याने फॉरमॅट केल्यावर त्याचा यूयूआयडी, म्हणजे त्याची अनन्य ओळख, बदलते आणि ‘एफएसटॅब’ या फाइलीत जुनीच ओळख राहिल्यामुळे संगणक सुरू होताना अडतो.

डिस्कच खराब होत असल्याची शंका असेल, तर दुरुस्तीआधी तिची ब्लॉकगणिक प्रत दुसऱ्या, तितक्याच किंवा अधिक क्षमतेच्या डिस्कवर घेणे अनिवार्य मानावे. ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन सहज वाचता येणारे भाग आधी उचलते, अडणारे भाग मागे ठेवते आणि आपली प्रगती एका नोंदफाइलीत लिहून ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी ते तेथूनच पुढे चालू करता येते.

डिस्क सुस्थितीत असून सुपरब्लॉकच नष्ट झाला असेल, तर एक्स्ट कुळाच्या रचनाकारांनी केलेली तजवीज कामी येते. ही फाइल सिस्टिम ब्लॉकचे गट पाडते आणि प्रत्येक गटातील कोणता ब्लॉक मोकळा व कोणता व्यापलेला याची नोंद एका ब्लॉकमध्ये, प्रत्येक ब्लॉकला एक बिट या हिशेबाने ठेवते. ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये ३२७६८ बिट मावतात, म्हणून एका गटात तितकेच ब्लॉक, अर्थात १२८ मेबीबाइट जागा असते. सुपरब्लॉकच्या प्रती क्रमांक १ च्या गटात आणि त्यापुढे ३, ५ व ७ यांच्या घातांइतके क्रमांक असलेल्या गटांत ठेवण्याची रूढ पद्धत आहे; गटांची मोजणी शून्यापासून होत असल्याने या प्रती ३२७६८, ९८३०४, १६३८४० अशा ब्लॉकांवर सापडतात. ‘ई२एफएससीके’ या तपासणी-साधनाला ‘-बी’ या पर्यायाने यांपैकी एक क्रमांक दिला की ते त्या प्रतीवरून काम सुरू करते आणि लेखनाची मुभा असल्यास शेवटी मूळ सुपरब्लॉकही सुधारते. प्रतींच्या जागा जाणून घेण्यासाठी ‘एमकेई२एफएस’ ही आज्ञा ‘-एन’ पर्यायासह चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्य असला तरी हा पर्याय विसरला तर तीच आज्ञा पार्टिशन खरोखर फॉरमॅट करते, ही गोष्ट त्या सल्ल्याइतक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

जर्नलच्या बाबतीतही एक गैरसमज आढळतो. फाइल सिस्टिमच्या रचनेतील बदल प्रत्यक्ष जागी लिहिण्याआधी ज्या राखीव भागात नोंदले जातात त्याला जर्नल म्हणतात आणि वीज अचानक गेल्यास पुढच्या माउंटच्या वेळी त्यातील पूर्ण झालेल्या नोंदी अमलात आणल्या जातात. ‘केवळ वाचनासाठी’ माउंट केल्याने डिस्कवर काहीच लिहिले जात नाही असे समजले जाते. परंतु एक्स्ट४ तशाही स्थितीत प्रलंबित जर्नल अमलात आणते, म्हणजे डिस्कवर लिहिते. हे टाळण्यासाठी ‘नोलोड’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो. त्या अवस्थेत काही फाइली विसंगत दिसू शकतात, तरीही महत्त्वाचे दस्तऐवज दुरुस्तीपूर्वी बाहेर काढण्याचा हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती यानंतरच करावी. ई२एफएससीके प्रथम ‘-एन’ पर्यायाने चालवले असता ते दोष सांगते, पण काही बदलत नाही. हेच अक्षर एमकेई२एफएसला देतानाही हाच हेतू असतो. पूर्ण तपासणी पाच फेऱ्यांत होते आणि कोणत्याही फोल्डरशी नाते न उरलेल्या फाइली ‘लॉस्ट+फाउंड’ या फोल्डरमध्ये केवळ क्रमांकाच्या नावाने जमा होतात. एक्स्ट४ मध्ये फाइलीचे नाव फाइलीत नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये असते त्या फोल्डरमध्ये नोंदलेले असते. त्यामुळे तेथे एखादे संपूर्ण फोल्डर आले असेल, तर त्याचे स्वतःचे नाव हरवलेले असले तरी आतील फाइलींची नावे बहुधा जशीच्या तशी मिळतात. शोधाची सुरुवात या फोल्डरांपासून करावी आणि सुट्या फाइलींचा प्रकार ‘फाइल’ या आज्ञेने त्यांच्या आशयावरून ओळखावा.