फोटोला काय विचारायचं

बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या बीबी गावाहून लोणार जवळच. तिथलं विवर कशामुळे झालं यावर दीडशे वर्षं घोळ होता. १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. सगळं दख्खनचं पठारच लाव्हाचं, तेव्हा हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं अनेक जाणकार धरून चालले. १९७३ साली तळात ड्रिल मारून काढलेल्या दगडांत, फक्त प्रचंड धक्क्यानेच बनते अशी काच असल्याचं जाहीर झालं आणि उल्का पक्की ठरली. काठावर उभं राहून नुसतं निरखत बसलं असतं, तर हे कधी कळलं नसतं.

अंगावरून वारं गेलं, लकवा मारला, म्हणतो तेव्हाही गोष्ट अशीच असते. तोंड वाकडं, एक हात लुळा, जिभेला बोबडी. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आत मात्र दोन अगदी उलट गोष्टींपैकी एक झालेली असते: गुठळी अडकून नस बंद पडलेली असते, नाहीतर नस फुटून मेंदूत रक्त साचलेलं असतं. पहिल्यात गुठळी विरघळवायची असते. तेच औषध दुसऱ्यात दिलं तर रक्तस्राव वाढून माणूस जातो. जिवंत माणसाच्या कवटीच्या आतला मऊ मेंदू बाहेरून नीट पाहता येऊ लागला तो १ ऑक्टोबर १९७१ पासून. त्या दिवशी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रात पहिल्या पेशंटचं डोकं सरकवलं गेलं. आपण त्या सीटी स्कॅनलाच ‘डोक्याचा फोटो’ म्हणतो. या फोटोबद्दल आपल्याकडे जितके लोक तितकी मतं, आणि त्यातली बरीच चुकीची.

“मुरलेल्या डॉक्टरला नुसतं बघून कळतं”

लकवा आहे हे कळतं. कुठला, ते खात्रीने कळत नाही. डोकं फार दुखत असेल, उलट्या होत असतील तर रक्तस्रावाचा संशय बळावतो, पण संशयावर गुठळीचं औषध देता येत नाही. ‘हार्ट अटॅकला देतात ती रक्त पातळ करायची गोळी द्या जिभेखाली’ असा सल्ला गावात हमखास मिळतो. फोटोआधी ती गोळी देऊ नये. गिळायची ताकद गेलेली असेल तर पाणीसुद्धा देऊ नये, ते फुप्फुसात जातं.

मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वस्तीपातळीवर पाहणी केली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण सापडले, त्यातल्या ४०७ जणांचा सीटी झालेला होता. म्हणूनच त्यांना सांगता आलं, की सुमारे ८० टक्के लोकांत नस बंद पडली होती आणि जवळपास १८ टक्के लोकांत फुटली होती. आता आपल्याच विदर्भातलं दुसरं टोक बघा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले निघाले, म्हणजे १४.३ टक्के, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. पण ही कारणं घरच्यांना प्रश्न विचारून ठरवली होती, कारण खेड्यात दुसरा मार्गच नव्हता. अशा विचारपूस-पद्धतीने लकव्याने गेला हे बऱ्यापैकी ठरतं, पण नस तुंबली होती की फुटली होती ते नाही. मुंबईची पाहणी आणि गडचिरोलीची पाहणी यांत फरक पडतो तो एका यंत्राचा.

“सीटी नॉर्मल आला, सुटलो”

सगळ्यात घातक गैरसमज मला हाच वाटतो, कारण तो चांगल्या बातमीच्या रूपात येतो. समजा, बीबीतल्या एका घरातल्या आजोबांना सकाळी सातला झटका आला. पोरांनी गाडी काढली, दुसरबीड, सिंदखेडराजा मागे टाकत जालना गाठलं, साडेनऊला सीटी झाला. रिपोर्ट आला, रक्तस्राव नाही. नातेवाईक बाहेर येऊन चहा सांगतात, घरी फोन लावतात: “नॉर्मल आहे म्हणतात!” खरं तर धावपळ करायची ती याच क्षणी.

ताजं रक्त सीटीवर पांढरं, लख्ख दिसतं, लगेच दिसतं. उलट नस बंद पडलेला भाग काळपट व्हायला काही तास लागतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन तासांत नस तुंबलेल्या पेशंटचा साधा सीटी जवळजवळ स्वच्छ येणं हे नेहमीचंच आहे. त्या फोटोला डॉक्टरांनी विचारलेलं असतं एवढंच, की रक्त आहे का. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याचा अर्थ आजार नाही असा नसून, आता गुठळीचं इंजेक्शन देता येईल असा असतो.

हा अर्थ संशोधनाने मेहनतीने मिळवलेला आहे. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतली ‘एनआयएनडीएस’ चाचणी प्रसिद्ध झाली. ६२४ पेशंट होते, प्रत्येकाचा सीटी आधी, रक्त दिसलं की तो चाचणीबाहेर, आणि तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज नाहीतर नुसतं सलाइनसारखं खोटं औषध. तीन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा औषधवाल्यांत जवळजवळ पूर्ण बरं होण्याची शक्यता किमान तीस टक्क्यांनी जास्त निघाली. फुकट मात्र काही नव्हतं. नंतर मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडण्याचं प्रमाण ०.६ वरून ६.४ टक्क्यांवर गेलं. फोटोने आधीच फुटलेल्या नसा गाळून काढल्यानंतरचा हा आकडा. न गाळता औषध दिलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना यावरून करा. २००८ मध्ये युरोपातल्या ‘इकॅस-३’ चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

याला एक मराठी मुलखातलं शेपूटही आहे. अल्टेप्लेज तासभर ठिबकत द्यावं लागतं. त्याच कुळातलं टेनेक्टेप्लेज एकाच टोच्यात देता येतं, आणि पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेजला भारतात लकव्यासाठी २०१६ साली परवानगी मिळाली. पुढच्या गावी न्यायच्या पेशंटला रुग्णवाहिकेत चढवण्याआधीच हे सगळं औषध देऊन होतं. आपल्यासारख्या लांबच लांब रस्त्यांच्या भागात हे किती सोयीचं, ते वेगळं सांगायला नको.

“सीटीने काय होतंय, थेट एमआरआयच करू”

महाग ते चांगलं, हा आपला जुना हिशोब. एमआरआयवर नस तुंबलेला भाग मिनिटांत उजळून दिसतो हे खरं. पण साधा सीटी दोन-चार मिनिटांत होतो, एमआरआयला त्याहून बराच वेळ लागतो, माणूस निपचित पडून राहावा लागतो, पेसमेकर वगैरे आहे का ते आधी विचारावं लागतं. पहिल्या प्रश्नाला, रक्त आहे की नाही याला, सीटी पुरतो. वाटेतलं चालू सीटी सेंटर सोडून एमआरआयसाठी पुढे दीड तास गाडी हाणणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

भर घालायचीच तर ती सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे शिरेतून डाय सोडून मानेतल्या आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या बघण्याची. या एका तपासणीने संशोधनाचं नशीब कसं फिरलं ते पाहण्यासारखं आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक तार मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढायची युक्ती डॉक्टरांकडे होती. २०१३ मध्ये तिच्या तीन चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि तिन्हींत फायदा दिसला नाही. अनेकांनी ती युक्ती मोडीत काढली. नंतर बारकाईने पाहता लक्षात आलं, की यातल्या इटलीतल्या चाचणीत पेशंट घेताना मोठी नस खरोखर बंद आहे का हे पाहण्याची अटच नव्हती, आणि अमेरिकेतून चालवलेल्या एका चाचणीतही बराच काळ ती नव्हती. ज्यांच्या मोठ्या नसेत गुठळीच नाही अशांनाही गुठळी काढायच्या गटात टाकलं होतं! उपकरणंही जुनी होती, तेही खरंच.

नेदरलँड्समधल्या ‘मिस्टर क्लीन’ चाचणीने ती चूक टाळली. ५०० पेशंट, प्रत्येकाची मोठी नस बंद असल्याचं फोटोवर दिसलेलं, आणि नव्या जाळीदार तारा. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ३३ टक्के, आणि नेहमीचा उपचार मिळालेल्यांत १९ टक्के. हे जानेवारी २०१५ मधलं. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितलं. युक्ती जुनीच होती, माणसं निवडण्याची नजर नवी होती.

“वेळ निघून गेली, आता नेऊन काय करता”

आणि याचा जुळा भाऊ: “आता चोवीस तासांपर्यंत चालतं म्हणे, उजाडू द्या.” दोन्ही चूक.

ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की सोयाबीन दुपारी माना टाकतं. पाणी मिळालं की संध्याकाळी पुन्हा उभं. पण तेच रोप एकदा वाळलं, की मग कितीही पाणी सोडा. नस बंद पडते तेव्हा मेंदूतही असेच दोन पट्टे तयार होतात. मधला वाळलेला, आणि त्याभोवती नुसता कोमेजलेला, शेजारच्या बारीक नसांतून पाझरणाऱ्या रक्तावर कसाबसा तग धरलेला. हा शेजारचा पाझर कुणात भरपूर असतो, कुणात नसतोच. म्हणून एकाचा मेंदू दोन तासांत वाळतो, तर दुसऱ्याचा दहा तासांनंतरही कोमेजलेलाच असतो. घड्याळाला हे दिसत नाही. रक्त कुठे किती पोचतंय हे दाखवणाऱ्या सीटी किंवा एमआरआयला दिसतं.

‘डॉन’ चाचणीने हेच धरलं. झटक्यानंतर ६ ते २४ तासांतले, पण लक्षणं तीव्र असूनही फोटोनुसार वाळलेला भाग लहान असलेले २०६ पेशंट निवडले. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी झाले, न काढलेल्यांपैकी १३. ‘डिफ्यूज-३’मध्ये ६ ते १६ तासांतल्या १८२ जणांत हेच प्रमाण ४५ आणि १७ होतं. रात्री धडधाकट झोपले आणि सकाळी लुळे उठले, अशांसाठी २०१८ मध्ये ‘वेक-अप’ चाचणी आली. एमआरआयच्या एका प्रकारात इजा दिसते आणि दुसऱ्यात अजून दिसत नाही, तर झटका ताजा आहे असं धरून ५०३ जणांवर ती झाली, आणि औषधवाल्यांत चांगले बरे झालेले जास्त निघाले.

पण हे आकडे निवडलेल्या लोकांचे आहेत, हे विसरून ‘उजाडू द्या’ म्हणणारे फसतात. मोठी नस बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा २००६ सालचा अंदाज आहे. चोवीस तास ही उशीर करायला दिलेली सूट नाही. उशीर झालाच असेल तर फोटो काढल्याशिवाय हात टेकू नका, एवढाच तिचा अर्थ. उलटंही आहे. ‘फोटो फार खराब आहे, आता काही करू नये’ असं जिथे २०२० पर्यंत म्हटलं जाई, तिथेही २०२२ मध्ये जपानमधून आणि २०२३ मध्ये आणखी मोठ्या चाचण्यांतून काहींना फायदा होतो असं दिसलं. फोटोचं वाचनही बदलत असतं.

उरलेसुरले

किरणांची भीती: डोक्याच्या एका साध्या सीटीत साधारण दोन मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे निसर्गातून आपल्याला एका वर्षात मिळतो जवळपास तेवढाच. लकव्याच्या दारात हा हिशोब करत बसू नये.

‘संशोधनात नाव घातलं की पेशंटचा उंदीर होतो’: फोटो आणि चालू प्रमाण उपचार चाचणीतल्या पेशंटलाही मिळतो, संमती लेखी लागते, आणि नाही म्हटलं म्हणून उपचार अडत नाही. वर सांगितलेलं सगळं ज्ञान अशाच, ओळखदेख नसलेल्या हजारो नातेवाइकांच्या सह्यांवर उभं आहे.

‘आता कॉम्प्युटरच सांगतो’: मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीने भारतातल्या सुमारे २० केंद्रांतले तीन लाखांहून जास्त डोक्याचे सीटी वापरून प्रोग्राम घडवला आणि तपासला, आणि २०१८ साली त्याचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. रात्री दोनला रेडिओलॉजिस्ट नसलेल्या ठिकाणी रक्ताचा फोटो रांगेत पुढे आणायला हे उत्तम. सही डॉक्टरचीच लागते.

तेल चोळणं, पारव्याचं रक्त लावणं, कुठल्याशा गावचा काढा, यांवर इथे लिहीत नाही. ती वेगळी जखम आहे. एवढंच म्हणतो, की त्या प्रत्येकात पहिले दोन तास जातात.

बीबीतल्या घराने आजच करून ठेवायच्या दोन गोष्टी आहेत. रात्री सीटी चालू असणारं आणि गुठळीचं इंजेक्शन देणारं जवळचं ठिकाण कुठलं, हे १०८ला आणि आपल्या डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवायचं. आणि झटका आलाच तर पेशंट शेवटचा नीट किती वाजता दिसला होता, ते निघण्याआधी कागदावर टिपायचं. झोपेत झालं असेल तर झोपायला गेला ती वेळ. सीटीच्या टेबलाशी डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि तिथे चार नातेवाईक चार वेळा सांगतात.

जर्मनीतल्या झारलँड भागात २००८ पासून सीटी यंत्रच रुग्णवाहिकेत बसवून पेशंटच्या दारी नेऊन पाहिलं गेलं. आयसीएमआरनेही आसाममध्ये अशा गाड्या चालवून पाहिल्या. समृद्धी महामार्ग लोणार तालुक्यातून जातो. त्यावरून अजून तरी पेशंटच फोटोकडे धावतो.