पाचांपैकी अडीच

2025 सालच्या जून महिन्यात माझ्या हातून एक लहानसा अपराध घडला. पोलिसांत त्याची नोंद नाही. पण आमच्या इमारतीत आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. राहतो सरावलीला. मुंबईच्या वाचकाला सरावली सांगायची म्हणजे आधी बोईसर सांगावे लागते, आणि बोईसर सांगायचे म्हणजे तारापूरचे अणुवीज केंद्र. बोईसर कोठे संपते आणि सरावली कोठे सुरू होते, हे आम्हां रहिवाशांनाही लाइटबिलावरचा पत्ता पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणारा हा मुलूख. आमच्या इमारतीत तळमजल्यावर उत्तर प्रदेशातले कुटुंब, पहिल्यावर खानदेशातले, दुसऱ्यावर सातपाटीकडच्या एक काकू आणि त्यांचा नातू, तिसऱ्यावर आम्ही. एकाची भाजी दुसऱ्याला तिखट लागते. अशा मंडळींना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सिनेमा. पाण्याच्या टँकरची वेळ कळावी म्हणून इमारतीने व्हॉट्सअॅपवर एक गट काढला होता. सहा महिन्यांत टँकर मागे पडला आणि तेथे सिनेमाचे तारे वाटले जाऊ लागले.

आता अपराधाविषयी. जूनमध्ये एक छोटा मराठी चित्रपट बोईसरला लागला. त्याचे नाव सांगत नाही. निर्मात्याला माझ्यामुळे आधीच पुरेसा त्रास झाला आहे. दिवसाला एकच खेळ, संध्याकाळी पाचचा. शुक्रवारी मी एकटाच जाऊन पाहिला आणि परतताना रिक्षातच गटावर मत नोंदवले: ‘पाचांपैकी अडीच. पूर्वार्ध लांबलेला. पुढे घरी बसून पाहिला तरी चालेल.’ रविवारी इमारतीतली अकरा माणसे जाणार होती. सरांनी अडीच दिले म्हटल्यावर एकेकाला कामे आठवली. रविवारी त्या खेळाची तीन तिकिटे खपली, पैसे परत देऊन खेळ रद्द झाला, आणि सोमवारी त्या जागी दुसराच चित्रपट लागला.

मला याचे काहीच वाटले नसते. पण बुधवारी जिन्यात काकू भेटल्या. काका गेल्यापासून त्यांनी थिएटरचे तोंड पाहिलेले नव्हते. रविवारसाठी त्यांनी साडी काढून ठेवली होती, हे मला आमच्या मंडळींकडून नंतर कळले.

“सर, त्यात म्हणे समुद्र आहे?”

“आहे ना. सगळी गोष्ट किनाऱ्यावरच घडते.”

“मग ते लिहिलं नाहीत ते?”

मी काहीतरी पुटपुटलो. फोनवर पुढेमागे येईलच, नातू दाखवील, असे म्हणालो.

“फोनवर समुद्र केवढा दिसणार हो?” एवढेच बोलून काकू खाली गेल्या.

घरी आल्यावर हिला सांगितले. ती म्हणाली, “अहो, तुम्ही पेपर तपासलात. सिनेमा कुठे पाहिलात?”

बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. अठरा वर्षे उत्तरपत्रिका तपासून माझ्या डोळ्यांना एक खोड लागली आहे. समोर काहीही आले की त्याला गुण द्यायचे. पण उत्तरपत्रिकेवरचे गुण ती लिहिणाऱ्यासाठी असतात. सिनेमाचे गुण मात्र दिग्दर्शक वाचत नाही, तो अजून न पाहिलेला शेजारी वाचतो. त्याला पूर्वार्धाच्या लांबीशी काय करायचे आहे? आत काय आहे, ते आपल्या कामाचे आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. सेन्सॉर बोर्डाला आपण नावे ठेवतो. पण 2024 पासून तेदेखील सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या पाडून चित्रपट कोणासाठी आहे ते सांगू लागले आहे. मी तेवढेही सांगितले नव्हते.

सिनेमाला आकड्यात मोजण्याची हौस मात्र जुनी. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 3 मे 1913 रोजी लागला. पुढे तो आमच्याच लोहमार्गावरच्या सुरतेला गेला, तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये! सहा-सहा तास नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला दीड तासाचा खेळ म्हणजे पैसे बुडाल्यासारखे वाटे. फाळक्यांनी मग जाहिरात केली: सत्तावन हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत. गर्दी लोटली. चित्र तेच होते, फक्त आता त्याला आकडा मिळाला होता.

ताऱ्यांची चाल अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थायरर या बाईंनी 1928 साली चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बाबुराव पटेलांना ताऱ्यांची गरज पडली नाही. 1935 पासून मुंबईहून निघणाऱ्या त्यांच्या ‘फिल्मइंडिया’त परीक्षण म्हणजे चाबूक असे. मंटोसारख्या लेखकाला त्यांचे व्यक्तिचित्र लिहावेसे वाटले, यातच सारे आले. सामान्य प्रेक्षकाचे माप त्याहून साधे होते: आठवडे. पंचवीस झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. त्याला किती तारे द्यावेत, असे कोणी विचारले नाही. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 रोजी लागला, तेव्हा परीक्षणे थंड होती आणि पहिले काही दिवस थिएटरेही. मग एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे ठाण मांडून बसला. आज मात्र शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचा निकाल रविवारी लागतो. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगेपर्यंत खेळच उतरलेला असतो. माझ्या अडीच ताऱ्यांनी त्या वेगाला हातभार लावला, हे माझे खरे दुःख.

काकूंच्या त्या प्रश्नानंतर मी गटावरची मते जरा नीट वाचू लागलो, आणि प्रत्येकाचे माप वेगळे असल्याचे ध्यानात आले. पहिल्या मजल्यावरचे पाटील (हे नाव मी बदलले आहे, आडनाव मात्र त्यांना शोभणारे आहे) रात्रपाळी करून सकाळी दहाच्या खेळाला जातात, कारण तिकीट स्वस्त असते. त्यांचे माप झोप. ‘डोळा लागला नाही’ म्हणजे उत्तम. ‘मध्यंतरापर्यंत जागा होतो’ म्हणजे बरा. ‘थंडगार हवा होती’ असे आले की समजावे, चित्रपट गेला. तळमजल्यावरच्या वहिनींचे माप सामाजिक: सासूबाईंना सोबत घेऊन पाहता येईल का? माझी मुलगी दहापैकी गुण देते, आणि ते नेहमी एक तरी असतात किंवा दहा तरी. मधले आकडे तिच्या पिढीने कोणासाठी राखून ठेवले आहेत कोण जाणे!

यावरून एक हिशेब सुचला. शंभर माणसांनी चित्रपट पाहिला. पन्नासांनी दहा गुण दिले, पन्नासांनी एक. सरासरी साडेपाच. फोनवर तो आकडा पाहून आपण म्हणतो, ‘मध्यम दिसतो.’ पण मध्यम म्हणणारा त्या शंभरांत एकही नाही! निम्मे भारावून बाहेर आले, निम्मे चिडून. असल्या चित्रपटाला तर धावत जायला हवे.

‘कोर्ट’चे आमच्या घरी नेमके असेच झाले. चैतन्य ताम्हाणेंच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2015 साली तो भारतातर्फे ऑस्करला गेला. आम्ही तो उशिरा, घरीच पाहिला. पाटील म्हणाले, “काही घडतच नाही, सर.” आणि शेवटी तो सुट्टीवर गेलेला न्यायाधीश बाकावर पेंगतो, पोरे त्याला दचकवतात आणि तो एकाच्या थोबाडीत मारतो, तेव्हा तेच पाटील खुर्चीत पुढे सरकले. “हा आमचा साहेब!” म्हणाले. गटावर त्यांनी दोनच तारे दिले. पण पुढे आठवडाभर कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याचा उल्लेख ते ‘जज्जसाहेब’ असा करीत होते. मी कोणता आकडा खरा मानू?

आणि ‘फँड्री’? शेवटी जब्या भिरकावतो तो दगड सरळ आपल्या तोंडावर येतो. कपाळावर दगड बसलेल्या माणसाने पाचांपैकी चार म्हणायचे, हे मला तरी चमत्कारिक वाटते. त्याच नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ 2016 साली आला, तेव्हा वर्गात मी विचारले होते, कसा आहे? मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, जो परीक्षेत पाच ओळींच्या पुढे कधी गेला नाही, म्हणाला, “सर, शेवटी आवाजच बंद होतो. आणि थिएटरात कोणी उठलंच नाही.” त्या वर्षी त्या चित्रपटावर पानेच्या पाने लिहिली गेली. माझ्या लक्षात राहिली ती ही दोन वाक्ये.

एकमेकींना सांगणे म्हणजे काय, ते खरे दाखवले बायकांनी. 30 जून 2023 रोजी केदार शिंद्यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. पहिल्या आठवड्यात आमच्या इमारतीतून चौघी गेल्या, दुसऱ्या आठवड्यात त्याच चौघी नऊजणींना घेऊन गेल्या. गटावर एकही तारा पडला नाही. नुसते फोटो: नऊवारी, गॉगल, आणि मागे पोस्टर. मला चित्रपट बेताचा वाटला होता, पण तेव्हा माझे मत कोणी विचारले नव्हते, म्हणून तो वाचला! 2004 साली ‘श्वास’ ऑस्करला निघाला, तेव्हा तर लोकांनी त्याच्या प्रचारासाठी वर्गण्या दिल्या होत्या. हेही मतप्रदर्शनच, फक्त खिशातून केलेले.

जून सरला. मी गटावर जाहीर माफी मागितली आणि तारे देणे बंद केले. त्याऐवजी आत काय आहे तेवढे लिहितो: पाऊस आहे, म्हातारे-म्हातारी आहेत, मारामारी फार, गाणी तीन. पाटलांना ही पद्धत आवडत नाही. “सर, बाजारयादी कसली देता? जायचं का नाही ते सांगा!”

सप्टेंबरात, 12 तारखेला, सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ लागला. या वेळी मी आधी जाऊन पाहिला नाही. काहीच न लिहिता तिकिटे काढली आणि काकूंच्या दारात गेलो. समुद्राचे विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवले होते: कोकण आहे, रात्रीची जत्रा आहे, दशावतारी नाटक आहे. त्यांनी विचारलेच नाही. “मधली जागा आहे ना? कडेला मान दुखते,” म्हणाल्या.

परतताना रिक्षात दाटीवाटीने बसलो होतो. मध्यंतराआधी कथा जरा रेंगाळते, असे माझ्या तोंडातून सवयीने निघून गेले.

काकू खिडकी नसलेल्या बाजूने बाहेर पाहत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, “एक्याऐंशी वर्षांचे आहेत प्रभावळकर. ते तसे नाचतायत, आणि तुम्ही मध्यंतराच्या आधी-नंतरचं काय घेऊन बसलात?”

मी गप्प बसलो. पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकलेले पाटील मागे वळले आणि म्हणाले, “मला मात्र दुसऱ्या भागात दहा मिनिटं लागली हो. पण त्यात सिनेमाचा दोष नाही. काल डबल पाळी होती.”