आधी बीळ, मग उंदीर

सोयाबीनची काढणी झाली की हदगावातून मला गवंडीकामाची बोलावणी येतात, त्यांतली बरीचशी उंदरांपायी. रान मोकळं होतं, उंदीर घराकडं वळतात. आणि भाव वाढेल या आशेवर सोयाबीनचे कट्टे ओसरीतच रचून ठेवलेले असतात. घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मिस्त्री, औषध कोणतं टाकू?’ मी म्हणतो, औषध राहू द्या, आधी भिंती दाखवा.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. भिंतीला दोन्ही अंगांनी दगड, मधे मातीची भर. वर सागवानी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. मधली माती खाली बसली की भिंतीच्या पोटात पोकळी होते, उंदरांना आयता रस्ता. घरातल्या लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. पुढचे दात जन्मभर वाढत असल्यानं त्याचं कुरतडणं थांबत नाही, आणि मादी गाभण राहिली की तीन आठवड्यांत विते.

दिवसा दारं-खिडक्या लावून आत अंधार करा. उंबऱ्याखाली, मोरीच्या तोंडाशी, तुळई भिंतीत शिरते तिथं, नळ-वायरींसाठी पाडलेल्या भोकांत उजेडाची रेघ दिसेल. भिंतीच्या कडेनं तेलकट काळपट पट्टा असेल, तर तो रोजच्या येण्याजाण्याचा.

बिळात कागदाचा बोळा कोंबा. तो हलला, तर बीळ वापरात आहे. हात मात्र घालू नका. उंदराच्या मागं साप येतो. शंका आली तर सर्पमित्राला बोलवा.

नुसत्या मातीनं बुजवलेलं बीळ उंदीर पुन्हा उकरतो. मातीच्या भिंतीवर नुसतं सिमेंट थापलं, तर ओल आत कोंडते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. मी आत दगडाच्या चिपा आणि काचेचे तुकडे ठासतो, तोंडाशी बारीक लोखंडी जाळी बसवतो, वरून चुना-वाळूचा गिलावा देतो. मोरीला जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी. मग आत राहिलेल्यांसाठी पिंजरा.

विषानं मेलेला उंदीर भिंतीतच कुजतो, किंवा मांजराच्या तोंडी लागतो. त्याहून मोठा धोका पिसवांचा: प्लेगनं उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर वर्षभरातच, 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग दिसला. भूकंपानं सोडाव्या लागलेल्या घरांत राहिलेलं धान्य आणि त्यावर माजलेले उंदीर, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं.

म्हणून कट्टे भिंतीपासून हातभर लांब, फळीवर रचा. पावसाळा सरला की घराभोवती एक फेरी मारा आणि दिसेल ती फट त्याच आठवड्यात बुजवून घ्या. पिंजरे दरवर्षी आणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.