परवाना गेला, शुल्क राहिले

अमेरिकेत रोख्यांच्या विक्रीवर पहारा ठेवण्याचे काम प्रथम राज्यांनी केले. कॅन्ससने १९११ मध्ये व्यापक कायदा केला. संघराज्याचा कायदा १९३३ मध्ये आला. पुढे १९९६ च्या कायद्याने अनेक रोख्यांच्या बाबतीत राज्यांचा नोंदणीचा अधिकार काढून घेतला. सूचनापत्र मागविणे, शुल्क घेणे आणि फसवणुकीवर कारवाई करणे, एवढेच राज्यांच्या हाती उरले.

हेच सूचनापत्र संघराज्याच्या आयोगाकडे विनाशुल्क दाखल होते. राज्यागणिक मात्र दर निराळे. कॅलिफोर्नियात कमाल ३०० डॉलर, तर न्यूयॉर्कमध्ये पाच लाख डॉलरांवरील विक्रीस १२०० डॉलर. वीस लाख उभारणारा नवा उद्योजक आणि वीस कोटी उभारणारा बलाढ्य निधी या दोघांनाही हाच आकार! राज्य-नियामकांच्या संघटनेने २०१४ मध्ये विद्युत्-दाखल्याची सामाईक व्यवस्था सुरू केली. तिने कागदपत्रांची यातायात वाचली. परंतु राज्यांच्या शुल्काखेरीज त्या व्यवस्थेचा आकार वेगळा भरावा लागतो.

मग शुल्कच नको काय? तसे म्हणणे उथळपणाचे ठरेल. नोंदणीची चाळणी गेल्यावर, आपल्या राज्यात कोण पैसा गोळा करीत आहे हे नियामकास कळण्याचा एक मुख्य मार्ग म्हणजे ही सूचना. फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तिचे मोल विचारावे. मात्र शुल्क घ्यावयाचे तर ते उभारलेल्या रकमेच्या प्रमाणात असावे आणि तपासावर खर्च व्हावे. पहारेकऱ्याने वेतन घ्यावे, पण जागेही राहावे.