रद्दीतील पुरावा

घोडपदेवसारख्या गिरणी-गोदीच्या वस्तीत जुनी चाळ पाडली जाते, तेव्हा पोटमाळ्यावरील पत्र्याच्या पेट्या रिकाम्या होतात. त्यात एखाद्या मूकपटाचे हँडबिल वा नटीचे छायाचित्र निघाले, तरी त्याला भाव रद्दीचाच मिळतो.

सुलोचना ऊर्फ रूबी मायर्स ही मूकपटांच्या काळातील अग्रगण्य नटी. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती कोहिनूर फिल्म कंपनीत आली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने माळी, पोलीस यांसह आठ भूमिका केल्या. तिला १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये ती निवर्तली. तो चित्रपट मात्र आज उपलब्ध नाही. भारतातील सुमारे १,३०० मूकपटांपैकी जेमतेम तीसच, त्यांतलेही काही तुकड्यांनी, उरले आहेत. नायट्रेटची फिल्म पेट घेई, कुजे. चांदी काढण्यासाठीही रिळे विकली गेली.

म्हणूनच तिची छायाचित्रे व हँडबिले जमविणाऱ्याच्या छंदाला निव्वळ हौस म्हणून हिणवणे योग्य नव्हे. जेथे चित्रपटच उरला नाही, तेथे थिएटरचे नाव, तारीख आणि कलावंतांची यादी सांगणारा कागद हाच इतिहासाचा पुरावा ठरतो. परंतु तो खाजगी कपाटात कुलूपबंद राहिला, तर संग्राहकाच्या पश्चात पुन्हा रद्दीचीच वाट धरतो. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके व छायाचित्रेही जतन करते. संग्रहाची अखेर तेथे व्हावी. आणि पेटी रद्दीवाल्याच्या तागडीत जाण्यापूर्वी एकवार उघडून पाहिली जावी.