'डॉक्टर हू' ची श्राव्य नाट्ये : आस्वादाचे स्वरूप

प्रस्तावना :

संस्कृत काव्यशास्त्राने काव्याचे दृश्य व श्राव्य असे दोन भेद मानले आणि नाटकाची गणना दृश्य काव्यात केली. केवळ कानांसाठी रचलेले नाटक या विभागणीत नीटसे बसत नाही. मराठीत आकाशवाणीमुळे त्याला 'नभोनाट्य' हे समर्पक नाव मिळाले. तथापि जी कथा मुळात पडद्यावर पाहिली, ती पुढे फक्त ध्वनीतून चालू राहिली, तर तिच्या आस्वादाचे स्वरूप कोणते असते, हा प्रश्न वेगळा आहे. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेवर आधारित श्राव्य नाट्यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झालेल्या या मालिकेचा नायक कालप्रवासी आहे. मरणासन्न झाल्यावर तो देह पालटतो. त्यामुळे नट बदलला तरी पात्र टिकते. मालिकेच्या आरंभीच्या काळातील नव्वदहून अधिक भागांच्या चित्रफिती आज उपलब्ध नाहीत. मात्र काही चाहत्यांनी घरच्या घरी दूरचित्रवाणी संचावरून ध्वनिमुद्रण करून ठेवले होते, म्हणून त्या सर्व भागांचा आवाज शिल्लक आहे. 'डॉक्टर हू' ऐकण्याची सवय अशा प्रकारे नाइलाजातून आधीच रुजलेली होती. १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ चा एक दूरचित्रपट वगळता पडदा रिकामाच राहिला. या पोकळीत 'बिग फिनिश' या संस्थेने जुलै १९९९ मध्ये 'द सायरन्स ऑफ टाइम' हे श्राव्य नाट्य प्रकाशित केले. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅककॉय हे तीन माजी 'डॉक्टर' त्यात एकत्र आले.

चित्राचा अभाव :

चित्र नसणे ही उणीव मानली जाते. कॉलिन बेकर यांच्या बाबतीत ती उपकारक ठरली. १९८४ मध्ये ते या भूमिकेत आले आणि १९८६ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. त्यांचा डॉक्टर तापट होता आणि त्याचा भडक, बहुरंगी कोट तर टीकेचा हुकमी विषय झाला होता. श्राव्य नाट्यात कोट दिसत नाही; उरतो तो आवाज, आणि तो भरदार, लवचिक आहे. २००० च्या 'द मेरियन कॉन्स्पिरसी' पासून एव्हलिन स्माइद ही पन्नाशी ओलांडलेली इतिहासाची प्राध्यापिका त्याची सहप्रवासी झाली. मॅगी स्टेबल्स यांनी साकारलेली एव्हलिन डॉक्टरला निमूटपणे ऐकून घेत नाही. बरोबरीच्या नात्याने खडसावते. त्यांच्या संवादांतून डॉक्टरचा अहंकार विरघळत जातो व करुणा प्रकट होते. एका नटावर झालेल्या अन्यायाचे परिमार्जन येथे कलेच्या मार्गाने झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मर्यादा अर्थातच आहेत. समोर काय घडते आहे हे पात्रांनीच बोलून सांगावे लागते आणि सामान्य लेखकाच्या हाती संवाद कृत्रिम होतो. रॉबर्ट शिअरमन यांनी 'शेर्झो' (२००३) मध्ये याच अडचणीचे कथावस्तूत रूपांतर केले. डॉक्टर व त्याची सहप्रवासी अशा जागी अडकतात, की तेथे इतर इंद्रिये निकामी होत जातात आणि श्रवण तेवढे उरते. तेथील संकटही ध्वनीचेच बनलेले असते. श्रोता आणि पात्र एकाच अंधारात येतात. हे नाट्य पडद्यावर आणता येणार नाही.

उपशाखा :

मूळ मालिकेतील दुय्यम पात्रांवरही स्वतंत्र नाट्यमाला निघाल्या. १९७७ च्या एका सहा भागांच्या कथेतील नाट्यगृह-व्यवस्थापक जेगो आणि शवविच्छेदनतज्ज्ञ लाइटफूट यांची गाठ पडद्यावर कथा बरीच पुढे सरकल्यावर पडते. तरीही क्रिस्टोफर बेंजामिन व ट्रेव्हर बॅक्स्टर यांच्या जोडीवर २०१० पासून तेरा श्राव्य मालिका उभ्या राहिल्या. तीन दशकांनी वाढलेले वय ध्वनिमुद्रणाच्या आड आले नाही. श्रोत्याच्या मनात जुनी प्रतिमा तयार असतेच. आवाज तिला फक्त चालना देतो. अर्थात सर्वच उपशाखा इतक्या सकस नाहीत. काहींत पूर्वसंदर्भांची गर्दी एवढी असते, की नवख्या श्रोत्याला शिरकावच मिळत नाही.

मूळ मालिकेनेही या नाट्यांकडून उसने घेतले. 'जुबिली' (२००३) या श्राव्य नाट्यात एकटा, बंदिवान डालेक आहे. त्याच कल्पनेवरून शिअरमन यांनीच पुनरुज्जीवित मालिकेसाठी 'डालेक' (२००५) हा भाग लिहिला. पॉल मॅकगॅन यांना १९९६ नंतर पडदा मिळाला नव्हता. २००१ पासून त्यांचा डॉक्टर श्राव्य नाट्यांतच वाढला. २०१३ च्या 'द नाइट ऑफ द डॉक्टर' या लघुपटात मृत्यूच्या क्षणी तो आपल्या पाच सहप्रवाशांची नावे घेतो. ही पाचही पात्रे श्राव्य नाट्यांतील होती. पडद्यावर त्यांना कोणी कधीच पाहिले नव्हते.