अंतर कोठून मोजायचे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे पोते स्प्रिंगच्या काट्यावर तोलले आणि तेच पोते सातारामार्गे महाबळेश्वरला नेऊन पुन्हा त्याच काट्यावर तोलले, तर वजन तेवढेच भरेल काय?

अंतर दुप्पट झाले की गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश होते, असे आपण शाळेत शिकतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर. उंची दुपटीहून अधिक झाली. मग पन्नास किलोचे पोते बारा किलोच्याही खाली यायला हवे! तसे होत नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. शाळेत असताना असेच गणित करून माझे उत्तर चुकले आणि विज्ञान हा आपला प्रांत नव्हे, असे मी ठरवून टाकले. चूक नियमात नव्हती, बुद्धीतही नव्हती. अंतर कोठून मोजायचे, एवढेच चुकले होते.

हे अंतर जमिनीपासून नव्हे, पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचे असते. सांगलीत उभे असतानाच आपण केंद्रापासून सुमारे ६,३७१ किलोमीटर दूर असतो. त्यात घाट चढून आणखी ८०० मीटरची भर पडते. केवळ उंचीचा हिशेब धरला तर वजनात सुमारे चार हजारांत एक भाग घट येते. पन्नास किलोच्या पोत्यामागे साडेबारा ग्रॅम!

दोन पारड्यांच्या तराजूत मात्र हा फरक दिसत नाही, कारण माल आणि वजनमाप दोन्ही सारख्याच प्रमाणात हलकी होतात. पदार्थ तेवढाच राहतो, त्यावरची ओढ तेवढी कमी होते.

जमिनीलगत गुरुत्वत्वरण सेकंदाला सेकंदागणिक ९.८ मीटर असते. ते एक चतुर्थांश, म्हणजे २.४५ व्हायला जमिनीपासून ६,३७१ किलोमीटर वर जावे लागेल. शुभांशू शुक्ला २०२५ साली ज्या अंतराळ स्थानकात राहून आले, ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथेही हे त्वरण ८.७ असते. अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण संपले म्हणून नव्हे. स्थानक आणि ते स्वतः एकाच वेगाने पृथ्वीभोवती सतत पडत असतात म्हणून. चंद्र केंद्रापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्यांइतका दूर. तेथे पृथ्वीची ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. तरीही तीच ओढ चंद्राला बांधून ठेवते.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर चुकले तर वही मिटू नका. मोजणी कोठून सुरू केली, ते एकदा तपासा.